राउंडच्या दिवशी दिवाणाखाली

संस्थेच्या मॅडम यायला अर्धा तास होता, तेव्हा मी बायकोचा वॉकर दिवाणाखाली ढकलला. न्हाणीतलं प्लास्टिकचं स्टूल परसात नेऊन ठेवलं. पलंगाला बांधलेली दोरी, जिला धरून ती उठून बसते, तीही सोडली. मग तिला नवी साडी नेसवून कूलरसमोर सोफ्यावर बसवलं आणि दारात उभं राहून सगळं न्याहाळलं. क्वार्टर चकाचक. आजारपणाचा मागमूस नाही.

आता मॅडम कशाला येत होत्या, तर नेमका तोच मागमूस बघायला.

बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांचा आजार. पाय कधी ऐकतात, कधी नाही, आणि भिलाईच्या उन्हाळ्यात तर अजिबात नाही. पहिल्या पाळीला मी साडेपाचला स्कूटर काढतो. त्यानंतर तिची आंघोळ, वेणी, चहा, सगळं दुपारपर्यंत माझी वाट पाहत बसतं. माझ्या सुट्या संपल्या होत्या. अशा घरांना रोज सकाळी चार तास मदतनीस बाई देणारी, तिचा पगारही भरणारी एक संस्था आहे असं कळलं. फॉर्म बायकोनंच भरला. घर पाहिल्यावर मॅडम हो किंवा नाही सांगणार होत्या.

पण पंचवीस वर्षं स्टील प्लांटमध्ये काढलेल्या माणसाचं काय करावं? मोठे साहेब राउंडला येणार म्हटलं की आमचे हात आपोआप चालतात. चुना मारा, मोडकी खुर्ची शेडमागे टाका, विचारलं तर ‘सब ठीक है, सर’. कुणीतरी पाहायला येतंय एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. का येतंय, ते दाराबाहेरच राहिलं.

बायको सगळं बघत होती आणि गप्प होती. ती गप्प आहे म्हणजे मजा बघतेय, हे बावीस वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, हिंदी बोलणाऱ्या, हातात फाइल. चालता येतं का? मी म्हणालो, "बिलकुल, मॅडम." स्वयंपाक? "सब यही करती है."

मॅडमचं पेन कागदावर टेकून थांबलं. बहुतेक त्यांना वाटलं, आपण चुकीच्या क्वार्टरमध्ये शिरलो. "फिर दिक्कत क्या है?"

"कोई दिक्कत नहीं," माझ्या तोंडून निघून गेलं.

तेव्हा बायको अगदी गोड आवाजात म्हणाली, "अवो, मॅडमले चहा पाहिजे नं? मीच करीन. वॉकर द्या जरा."

"अवं, राहू दे, मी करतो."

"कावून? सगळं हीच करते म्हणून सांगून राहिले नं तुमी?"

मी दिवाणाखाली शिरलो. वॉकर पार भिंतीपाशी गेला होता. हात पोचला, ओढला, आणि कमरेत अशी उसण भरली की पुढे जाता येईना, मागेही येता येईना. अर्धा मी दिवाणाखाली, उरलेला मॅडमसमोर.

"क्या हुआ?" मॅडम घाबरल्या.

"सब ठीक है," मी आतून.

"कमर है इनकी, मॅडम," बायको म्हणाली. "रोज मेरे को उठाते हैं ना."

मग तिनं सगळं सांगितलं. दोरी कुठे असते, स्टूल परसात कसं गेलं. आणि मी ड्यूटीवर गेलो की ती पाणी पीत नाही, कारण न्हाणीपर्यंत जायचं कसं? हे मला माहीत नव्हतं. दिवाणाखाली अडकलेल्या माणसाला ऐकून घेण्याशिवाय दुसरं काम नसतं.

मॅडमनी फाइल ठेवली, ओढणी खोचली आणि माझे दोन्ही पाय धरून मला बाहेर ओढलं. जळमटांसकट.

"ये आपको उठाते हैं," त्या बायकोला म्हणाल्या, "और इनको कौन उठाता है?" माझ्या सगळ्या उत्तरांवर त्यांनी आडवी रेघ मारली. सोमवारपासून बाई पाठवते म्हणाल्या. चहाही शेवटी त्यांनीच केला, कारण त्या घटकेला आमच्या घरात उभं राहू शकणारं माणूस त्या एकट्याच होत्या.

त्या गेल्यावर मी जमिनीवरच पडून विचारलं, "रागावली का?"

"नाही जी," बायको म्हणाली. "बाई भेटली, बस झालं. दोन वर्षं झाली, तुमच्या हातची वेणी घालून आरशात पाहाची हिंमत नाही झाली मले."