लांबचं बटण

आमच्या ऑफिसात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर निघतात. नवी आलेली सायली डावखुरी आहे. आज तिच्या मागून जाताना सहज तिच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि थबकले. पहिल्या दिवशी माझ्या स्क्रीनवर पाहून मांडलेली रेघ, वर्तुळ, मापं ही सगळी बटणं तिनं आता उजवीकडून डावीकडे नेली होती. पुसायचं बटण मात्र माझ्यासारखंच, एकटं, पार दूरच्या कोपऱ्यात.

मी ड्रॉइंग बोर्डावर शिकलेली. चुकलेली शाईची रेघ तेव्हा ब्लेडनं खरवडावी लागे, आणि ते ब्लेड मी मुद्दाम कपाटावर ठेवायचे. उठून जाईपर्यंत पुन्हा विचार व्हायचा. कितीदा तरी रेघ बरोबरच निघायची. बोर्ड गेला, पण ब्लेडची जागा मी स्क्रीनवरही तशीच लांब ठेवली. यातलं काही कुणाला कधी सांगितलं नाही.

"हे एवढं लांब का गं?" मी विचारलं.

"जवळ असलं की उगाच पुसलं जातं, मॅडम," ती मान वर न करता म्हणाली.

तिनं ते ब्लेड कधी पाहिलेलंही नाही. माझ्या जागेवर परत जाताना माझी मान जरा जास्तच ताठ होती.