फाटकाच्या तारेला माझा टाका

मैत्रिणींनो, आज वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा सोल्डरिंग केलं.

ऐंशी सालच्या सुमारास, चिंचवडला कंपनीत असताना, आमच्या ह्यांनी मोडक्या रेडिओच्या भागांतून खेळण्यातल्या रेल्वेसाठी सर्किट बनवलं होतं. गाडी जवळ आली की फाटक आपोआप पडायचं. मला मात्र ते हात लावू देत नसत.

आज त्या सर्किटची एक तार निखळली. ह्यांचे हात आता थरथरतात. तीनदा प्रयत्न फसल्यावर त्यांनी सोल्डरिंग आयर्न माझ्यापुढे धरलं.

"मी सांगतो, तू कर."

बोट जरा पोळलं, पण गाडी आली आणि फाटक पडलं.

"तुझा टाका माझ्यापेक्षा बरा बसलाय," हे म्हणाले आणि माझं पोळलेलं बोट हातात धरून बसले.

तुमच्याकडे कुणी असं जपलेलं काम तुमच्या हाती दिलंय का?