आक्कांच्या कॉम्प्युटरमधला दुसरा कॉम्प्युटर

“थांब रं, आधी ऐकू दे,” असं म्हणून आक्का डोळे मिटायच्या आणि एक बोट वर धरायच्या. समोर फोन असो, पंखा असो नाहीतर भांडणारी दोन माणसं असोत, बोट खाली येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकदा माझ्या दुकानात अशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, एखादं मशीन बिघडलं असेल. बोट खाली आलं. “जेवला नायस रं आज. पोट बोलतंय तुझं.”

खालापूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच गल्लीच्या टोकाला आक्का एकट्या राहायच्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटर म्हणून झालेली. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे खोटं बोलताना जीभ अडखळते.

त्यांची धाकटी बहीण शेलू गावात एका नव्या इमारतीत राहते. तिला एकाने पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल केला. तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. ती दोन दिवस खुर्चीत बसून राहिली. पाणी प्यायचीही परवानगी मागत होती. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं; कॉलवर चालू असलेला तो आवाज तेव्हा आक्कांनीही ऐकला. तेव्हापासून फोन वाजला की ती उठून उभी राहते.

त्यानंतर एक दिवस आक्का मुलाचा जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून रिक्षाने दुकानात घेऊन आल्या.

“चोर आत शिरंल, पण त्याच्या हाताला काय लागायचं नाय, असं कायतरी कर. मला त्याचा आवाज ऐकायचाय.”

मी समजावून पाहिलं, पण त्या स्टूलवरून हलल्या नाहीत. मग मी व्हर्च्युअल मशीनबद्दल सांगितलं. कॉम्प्युटरच्या आत एक दुसराच, लटका कॉम्प्युटर उभा करायचा. त्यात काहीही घडलं तरी बाहेरचा सुरक्षित.

सांगणं सोपं होतं. त्या म्हाताऱ्या डब्याला दोन संसार झेपेनात. सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर जाऊन एक बंद सेटिंग चालू केलं, ड्रॉवरमधली जुनी रॅम बसवली, त्यातली अर्धी आतल्या मशीनला दिली. आत-बाहेर फायली नेण्याची वाट बंद केली. एवढं करून त्यांच्या घरी मांडल्यावर मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला की आक्कांचा चहा होऊन कप विसळूनही झाले. मग एका चौकटीत हळूहळू दुसरा पडदा उजळला.

“अगं बाई! पोटुशी हाय की रं ही!”

स्नॅपशॉटचं त्यांना फार अप्रूप. चोर येऊन घाण करून गेला की एक बटण दाबायचं, मशीन पुन्हा कालच्यासारखं स्वच्छ. आतल्या मशीनचा संसार त्यांनीच मांडला. नातवंडांचे म्हणून कॅलेंडरातल्या बाळांचे फोटो आणि ‘आंब्याची बाग’ नावाची रिकामी फाईल.

भामट्यांचे फोन येतच होते. आक्का भोळ्या आवाजात बोलत, ते सांगतील ते ॲप आतल्या मशीनवर घ्यायच्या. मग पलीकडून कोणी चालवावा तसा पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भरदुपारी अंगावर काटा आला. भिंतीवर पाल सरकावी तसा तो बाण फायलींवरून सरकत होता. आक्का डोळे मिटून ऐकायच्या. “बहिणीला छळणारा हा नव्हं,” म्हणायच्या आणि मशीन पूर्ववत करायच्या.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पलीकडे एक मुलगी हिंदीत दटावत होती. आक्कांचं बोट वर होतं. मुलगी मध्येच चुकून “नाय” म्हणाली आणि पुन्हा हिंदीत शिरली. आक्कांनी डोळे उघडले.

“कुठली गं तू?”

दटावणं चालूच राहिलं. पण पडद्यावर नोटपॅड उघडलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: आजी, मी कोंडाणे गावची. नोकरी सांगून परदेशात आणलं. मारतात. आईला सांगा. खाली तिचं नाव आलं. आम्ही वाचतो न वाचतो तोच सगळं पुसलं गेलं. फोनवर ती अजून ओरडतच होती.

त्या दिवशी आक्कांनी मशीन पूर्ववत केलं नाही. “पुसलं तर ती परत कुठनं येणार?” तो लटका कॉम्प्युटर तसाच सुरू राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोंडाण्याला गेलो. मुलीची आई अंगणात भात वाळत घालत होती. आमचं ऐकून ती भडकलीच.

“दर रविवारी फोन येतो तिचा. मजेत हाय ती! कशाला वंगाळ बोलताय?”

“फोन ठेवताना काय म्हणते?” आक्कांनी विचारलं.

“ठेवते गं मामी, म्हणते.”

“मामी?”

“चेष्टा करते ती.” आई हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. “मी… मी तर आई हाय तिची.”

तिच्या हातातलं सूप खाली गेलं. “खूण करत होती गं पोर,” म्हणत आक्कांनी तिचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आईने पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या माणसांनी सगळं नीट ऐकून वर कळवलं. आक्का रोज त्या पडद्यासमोर बसू लागल्या. स्वयंपाक करतानाही खुर्ची वळवलेली असे.

काही दिवसांनी बाण हलला. मी तिथेच होतो. नोटपॅड उघडलं. या वेळी टाइप करणाऱ्याला कसलीच घाई नव्हती. एकेक अक्षर सावकाश उमटत गेलं.

माँजी, मशीन नकली है ना? वो लड़की अब बात नहीं करेगी.

आक्का पुढे झुकल्या. त्यांनी एका बोटाने टाइप केलं: पोरीला सोड. बाण थोडा वेळ त्यांच्या अक्षरांभोवती फिरला आणि थांबला.

त्या रविवारी कोंडाण्याला फोन आला नाही.

पुढे परदेशातल्या त्या अड्ड्यावरून काही मुलं-मुली सुटून परतली. त्यांतली एक फोनवर आक्कांशी बोलली. म्हणाली, कोंडाण्याच्या मुलीला दुसऱ्या इमारतीत नेलं, पुढचं माहीत नाही. आक्कांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मी वाट पाहत होतो की त्या म्हणतील, खोटं बोलतेय.

“खरं बोलतेय रं,” त्या म्हणाल्या, आणि बोट वर तसंच राहिलं.

श्रावणातल्या एका रविवारी आक्का गेल्या. सकाळी दूधवाल्याला दिसल्या, खुर्चीतच.

स्मशानात गल्लीतली माणसं जमली होती. कोंडाण्याची आईही आली होती. ती पुढे आली नाही, फाटकापाशी भिजत उभी राहिली. मी छत्री धरायला गेलो तेव्हा पाहिलं, पदराखाली तिने उघड्या तळव्यावर मोबाईल धरला होता. आवाज पूर्ण मोठा केलेला. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं. चितेकडे नव्हे, ती त्या काळ्या पडद्याकडे पाहत होती.