नळीतलं फूल

आमच्या घरी आयुधपूजेला बंदुकीच्या नळीत झेंडूचं फूल खोचायची रीत होती. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. शस्त्राचं तोंड फुलानं झाकलं की ते घरच्यांवर उलटत नाही, असं आई सांगे. बाबा पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेमबाजीची छोटी रायफल घेतली आणि मला शिकवलं. ते गेल्यावर परवान्यासाठी खेटे घालून मी ती माझ्या नावावर करून घेतली.

त्या दसऱ्याला मी नंजनगूडच्या कारखान्यात नवीनच लागले होते. सरावाला सवड नव्हती. पूजेनंतर आईनं रायफल फुलासकट पेटीत ठेवून दिली. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली तेव्हा मी पेटी उघडली. फूल कुजून काळं पडलेलं आणि देठाच्या ओलीनं नळीच्या तोंडाची कड गंजलेली. कड खडबडीत झाली की गोळी सुटतानाच कलते; रेंजवर गोळ्या चहूकडे पांगल्या. मला रडू आलं, आईचा रागही आला. दुसरी रायफल मिळणार कुठून? निवड हातची जाणार होती.

मार्केटमागच्या बंदूकवाल्यानं तपासलं. आतून नळी ठीक होती. तोंड दोन इंच कापू म्हणाला. मी नाही म्हटलं. करवत तिरकी गेली की संपलं. त्यानं कड घासायला ड्रिल काढलं, तेही नको म्हटलं, कारण घाईत कड एकीकडे जास्त झिजते. मग तूच कर, असं तो वैतागून म्हणाला. मी तेच ठरवून आले होते.

आधी तेलाचा कापूस नळीत थोडा आत बसवला, म्हणजे घासणीची पूड खाली उतरत नाही. मग गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला घासायची पेस्ट लावली आणि तो तोंडावर टेकवून हातानं फिरवत राहिले. मधेमधे नळी वळवायची, पुसायची, बघायची. ही बाबांची पद्धत. कडेवरून कोरडा कापूस फिरवला तर एका ठिकाणी तंतू अडकला. पुन्हा घासायला बसले. दुकान बंद व्हायच्या वेळी कापूस कुठंही न अडकता फिरला. आतला बोळा मागून गज घालून पुढं ढकलला. पुढून गज घातला तर तेच तोंड पुन्हा खरवडतं.

माझी निवड झाली.

आईला सगळं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, बाबा असताना कधी गंज कसा चढला नाही? मी म्हटलं, तुझी पाठ वळली की ते त्याच संध्याकाळी फूल काढून नळी पुसायचे. तुझं मन मोडू नये म्हणून बोलायचे नाहीत.

पुढच्या आयुधपूजेला नळीत फूल नको असं आईला बजावून मी रायफलीशेजारी ठाण मांडून उभी राहिले. आईनं दस्त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि उरलेलं फूल घेऊन माझ्याकडं वळून आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली,

"नळीत बेडा, नको म्हटलीस, अल्वा, होय ना? मग डोकं इकडं कर. चालविणारी तू आहेस."

तिनं ते माझ्या वेणीत खोवलं. संध्याकाळ झाली तरी मी ते काढलं नाही.