क्रूझ सोडून रामदुर्गला

आधीच सांगून ठेवलेलं बरं, माझं तोंड वाईट हाय. बेळगावच्या खासबागेत कुणालाबी इचारा, जयाबाई म्हटलं की माणसं वाट सोडतात. माझ्या थोरल्या जावेचं, मालुआक्काचं, तोंड मात्र कुणी ऐकलेलंच न्हाय. त्यामुळं तिचं जे काय झालं ते मलाच सांगाय पायजे, आणि मी सांगणार म्हटल्यावर रागानंच सांगणार. गोडीनं सांगण्यासारखं तिच्या लेकानं काय केलेलं न्हाय.

आमचं घर विणकराचं. मालुआक्का शहापूरची लेक. लगीन होऊन आली तवा घरात हातमाग होते, मागनं यंत्रमाग आले, पण माग कुठलाबी असू दे, कांड्यांवर सूत भरायचं काम तिचंच. रहाटापुढं बसून बसून तिचा उजवा खांदा खाली उतरलाय, आजबी चालताना दिसतो. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर सुबराव, सीमाप्रश्नातला माणूस. बेळगाव महाराष्ट्रात गेलं पायजे म्हणून मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, जेलात जाऊन आले. ते आत असताना ही बाई पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून कांड्या भरायची आणि पोरगं झोपलं की मागावर बसायची. ते पोरगं म्हणजे ओमकार. दीर गेले, आणि ओमकारच्या इंजिनेरिंगपायी दोन्ही माग मोडीत गेले. ते न्यायला टेम्पो आला त्या दिवशी तिनं हमालांना चहा करून दिला, आणि मी परड्यात जाऊन रडले.

तिला एकच बहीण, बायाक्का. ती दिली रामदुर्गला, तितंबी विणकरांच्यातच. आई लवकर गेली म्हणून बायाक्कानंच मालुआक्काला वाढवलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली. अशा बहिणीचा नवरा वारला तवा ओमकारची बारावी होती, म्हणून ही गेली न्हाय. बहिणीच्या लेकीचं लगीन निघालं तवा पुण्यात सुनेचं बाळंतपण, तवाबी गेली न्हाय. दरवेळी ओमकार म्हणायचा, एवढं होऊ दे आई, मग गाडी करून नेतो. गाडी काय आली न्हाय. बायाक्का आधी चिडली, मग रडली, आणि मग तिनं फोन घ्यायचाच सोडला. औंदा पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. काळीज कमजोर, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. तिच्या सुनेनं कानडीत फोन केला, मावशी, बघायचं असंल तर लवकर या, आत्तींचं काय खरं न्हाय.

आणि दिवाळीला आमचा ओमकार आला तो मोबाईलमध्ये जहाज घेऊन.

गंगेवरची क्रूझ म्हणे. जहाजातच राहायचं, जहाजातच जेवायचं, काठावरची देवळं खुर्चीत बसून बघायची. आईच्या सत्तरीची भेट. सगळ्या गल्लीला त्यानं फोटो दाखवले, आणि गल्लीबी अशी की तोंडात बोट घालून बसली. मालू, नशीब काढलंस गं, असं जी ती म्हणत होती. मालुआक्कानं फोटो बघितले, चांगलं हाय रे म्हणाली, आणि एवढंच इचारलं, की त्याच्या आधी एक दिवस रामदुर्गला जाऊन येऊया का. ओमकारनं मोबाईलवरनं डोळे न काढता सांगितलं, क्रूझ झाली की लगेच जाऊ, एसी गाडी करून नेतो.

माझं डोस्कं तितंच फिरलं. पण भांडायच्या आधी मला एक इचारायचं होतं. म्हटलं, ओमकार, जहाजात खोल्या किती घेतल्यास? दोन म्हणाला. एक त्याची नि बायकोची, दुसरी आईची आणि स्वरूपाची. स्वरूपा म्हणजे त्याची तीन वर्षांची लेक. त्यावर आमची सूनबाई प्रियदर्शनी हसून म्हणाली की स्वरूपा आजीजवळ छान राहते, आम्हालाही जरा मोकळं मिळेल. पोरगी वाईट न्हाय, खरं ते बोलून गेली. ओमकारनं तिच्याकडं असं बघितलं की मला उरलेलं सगळं कळलं.

सत्तरीची भेट म्हणे! सगळ्यांच्या देखत आईला गंगा दाखवायला नेतोय म्हणायचं, आणि तितं नेऊन लेकराच्या मागं चमचा घेऊन पळवायचं. पुण्यात तिनं हेच केलं, बाळंतपणाला गेली ती दोन वर्षं तितंच अडकून पडली. तितं निदान जमीन तरी होती. जहाजातनं बिचारी उठून जाणार कुठं?

रात्रीची भांडी घासताना मी सगळं तिच्या तोंडावर बोलले. ती म्हणाली, असू दे गं जया, आपलंच लेकरू हाय. मी ताट आपटलं. म्हटलं, आणि बायाक्का कुणाची? त्यावर ती नळ तसाच वाहत सोडून बसून राहिली. नळ मीच बंद केला.

दुसऱ्या दिवशी ओमकार पुण्याला गेला, आणि आम्ही दोघींनी आमची सहल ठरवायला घेतली. तुला नदीच दाखवायची हाय न्हवं लेकाला, म्हटलं, मग मी दाखवते चल. आपली मलप्रभा रामदुर्गाच्या अंगावरनंच जाते. गंगेला जायला ईमान, जहाज, बुकिंग, काय न् काय. हितं आपल्या कर्नाटकात बायकांना लाल गाडी फुकट हाय. आधार दाखवायचं, कंडक्टर झिरोचं तिकीट फाडतो, बसायचं. सरळ गाडीनं कशाला जायचं, आपण नदीच्या कडंकडंनं जाऊ. पहिल्यांदा एम. के. हुबळी, तितं पुलावरनं नदी बघायची. मग बैलहोंगल, मग सौंदत्ती, तितं धरण. मग रामदुर्ग. जितं वाटंल तितं उतरू, दुसऱ्या गाडीत चढू. राहायला बहिणीचं घर हाय, खायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक डबा दहीभाताची बुत्ती. असं मी सांगत होते तवा मालुआक्का हसली. लई दिसांनी हसली ती.

पण खोटं बोलायचं तिच्या अंगातच न्हाय. तिनं फोन करून लेकाला सांगितलं. तो काय म्हणाला ते मी शेजारी बसून ऐकलं. तुला काय झालं तर सगळं बुकिंग वाया जाईल, त्या लाल गाडीत धक्के खात कुठं जातीस, काकीच्या नादाला लागू नको. काकी म्हणजे मी. गुरुवारी मी न्यायला येतो, बॅग भरून ठेव, म्हणाला. मावशी कशी हाय हे त्यानं इचारलं न्हाय. मालुआक्कानं फोन ठेवला आणि म्हणाली, बुधवारी जाऊ, गुरुवारी सकाळी परत येऊ, त्याच्या आधी. मी व्हय म्हटलं. परत यायचं तवाच्या तवा बघू, असं मनात म्हटलं.

बुधवारी सकाळी गाडीत बसलो. खिडकी तिला दिली. कंडक्टर आला, माझं कार्ड बघितलं, झिरो तिकीट दिलं. तिचं कार्ड बघितलं, परत बघितलं, आणि कानडीत म्हणाला, अज्जी, हे महाराष्ट्राचं हाय, तुमाला पूर्ण तिकीट.

मी म्हटलं, डोळे नीट उघडून बघ, ती खासबागची हाय. त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं. त्याच्यावर पुण्याचा पत्ता होता. बाळंतपणाला गेल्ती तवा ओमकारनं तिला कुठल्या तरी ऑफिसात नेऊन बोट लावायला लावलं होतं. इन्शुरन्सला सोपं पडतं म्हणाला होता. तिनं लावलं. लेकानं म्हटल्यावर ती लावणारच. आणि मी एवढी शहाणी, सगळ्या गाड्या ठरवल्या, पण कार्ड उघडून बघायचं मला सुचलं न्हाय.

मग मात्र माझा पट्टा सुटला. भर गाडीत त्या कंडक्टरला म्हटलं, हिचा नवरा महाराष्ट्रात जायचं म्हणून जेलात गेला, जल्म गेला त्याचा, तो गेला न्हाय, त्याचं बेळगाव गेलं न्हाय, आणि ही बाई एकटीच कशी गेली रे महाराष्ट्रात? चूल हितं, तुळस हितं, नवऱ्याला जाळला तो हितं. गाडीतली माणसं मागं वळून बघत होती. कंडक्टर बिचारा गरीब होता, म्हणाला, आक्का, तुमचं खरं हाय, पण मी काय करू, चेकिंगवाला आला तर माझी नोकरी जाईल. त्याचं काय चुकत न्हवतं. मालुआक्का पिशवी उचलून उठलीच होती, उतरते म्हणाली. मी तिला दंडाला धरून खाली बसवली आणि तिचं तिकीट काढलं. पुढच्या सगळ्या गाड्यांतबी काढलं.

एम. के. हुबळीचा पूल आला. मी म्हटलं, आक्का, बघ, मलप्रभा. पाणी भरून चाललं होतं, कडंला बायका धुणं धूत होत्या. ती खिडकीशी बसून मांडीवरच्या कार्डाकडंच बघत होती. पूल मागं पडला. बैलहोंगलला दुसऱ्या गाडीत बसलो तवा ती बोलली.

"जया, त्यानं मला इचारलं न्हाय गं."

एवढंच. पण तिच्या तोंडनं लेकाबद्दल असलं कधी आलं न्हवतं. तिच्या मानेवरची शीर टरारली होती. मला तर आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. सौंदत्तीच्या अलीकडं धरणाचं पाणी दिसलं, ते तिनं मान वळवून बघितलं, आणि बुत्तीचा डबा उघडून दोघींनी गाडीतच खाल्लं.

रामदुर्गला पोचलो तवा ऊन कलतीला लागलं होतं. बायाक्का बाहेरच्या सोप्यात खाटेवर पडलेली. एवढीशी झालेली, निम्मी राहिलेली. सुनेनं कानाशी जाऊन सांगितलं, मावशी आल्यात बेळगावहून. बायाक्कानं डोळे उघडले, मालुआक्काला नीट बघून घेतलं आणि तोंड भिताडाकडं केलं.

मालुआक्का खाटेशेजारी जमिनीवर बसली. आक्का म्हणून हाक मारली. एकदा, दोनदा. न्हाय. पाय दाबायला गेली तर बायाक्कानं बरा असलेला पाय मागं ओढून घेतला. दूध पाजायला गेली तर ओठ मिटले, आणि सुनेनं वाटी धरली तवा प्याली. मला बायाक्काचा राग आला आणि आला तसा गेलाबी. नवरा मेला तवा आली न्हाईस, लेक उजवली तवा आली न्हाईस, आता मी मरताना आलीस, असं ती तोंडानं म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडले असते. काय बोललीच न्हाय म्हटल्यावर कुणाशी भांडू? तिचं खरंच होतं. मालुआक्का तितंच, जमिनीवर, आडवी झाली. सकाळ झाली तरी बहीण बहिणीशी बोलली न्हवती.

सकाळची गाडी गाठायची तर उठाय पायजे होतं. मालुआक्का उठून लुगडं नीट करून बसली, पण पिशवीला काय हात लावला न्हाय. मी मुद्दाम गाडीचं नाव काढलं न्हाय. चहा झाला. आणि तिचा फोन वाजला. तिला कानाला लावून नीट ऐकू येत न्हाय, त्यामुळं आवाज मोठाच करून ठेवलेला असतो. सगळ्या सोप्यानं ऐकलं.

ओमकार खासबागेत पोचला होता आणि दाराला कुलूप. आई कुठं हाईस, म्हणून ओरडला. रामदुर्गात म्हटल्यावर तर काय इचारता. माझा उद्धार केला. उद्याचं ईमान हाय, तुला कळतं का, आत्ताच्या आत्ता गाडी पाठवतो, बस आणि ये. मालुआक्का म्हणाली, तुम्ही जाऊन या रे, माझं राहू दे. त्यावर त्याच्या तोंडनं जायचं ते गेलंच.

"अगं, तू आली नाहीस तर स्वरूपाला कोण बघणार?"

बायाक्काची सून चुलीशी उभी होती, तिला मराठी निम्मं कळतं, पण तिलाबी हे कळलं. मालुआक्कानं फोन तोंडासमोर धरला.

"लेकरू तुझं हाय, तू बघ. मला माझ्या बहिणीजवळ बसायचंय. ती हाय तवर मी हितनं हलणार न्हाय. गाडी पाठवू नको."

तो आई आई करत होता. तिला फोन बंद करायचं बटण सापडेना, म्हणून तिनं तो माझ्याकडं दिला, आणि मी बंद केला. इतक्या वर्षांत मी कुठलं काम एवढ्या मनापासून केलं नसंल.

मालुआक्का उभीच राहिली, खाटेच्या पायथ्याशी. बोलून तर बसली, आणि आता पुढं काय हे तिला कळत न्हवतं. बायाक्काचं तोंड भिताडाकडंच होतं. मग खाट करकरली. बायाक्का दुखऱ्या खुब्यानं, दात चावून, इंच इंच करत भिताडाकडं सरकायला लागली. सून धरायला धावली तर तिला हातानं लांब केलं. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली तवा थांबली. धाप लागली होती तिला.

"रातभर भुईवर पडलीस," मागं न बघता ती म्हणाली, "गारठलीस. पड हितं."