सुरेशरावांचा नवा कॉम्प्युटर आणि माझी दहा मिनिटं

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून एक वाईट काम झालं.

शनवारा मोहल्ल्यातले माझे मित्र सुरेशराव, त्यांनी घरीच नवा कॉम्प्युटर जोडला. काचेचं कॅबिनेट, आत निळे दिवे, जणू तापीत उतरलेलं चांदणं. माझा मात्र अजून तोच जुना डबा. तो सुरू होईपर्यंत शाळेतली एक अख्खी कविता म्हणून होते. आणि ही जोडाजोडी त्यांना शिकवली कोणी? मीच, अशाच कविता म्हणत, एकेक स्क्रू आवळत.

हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. बटण दाबायचा मान मला दिला. पंखे फिरले, पण पडदा काळाच.

"अरे यार, सगळं तर बरोबर लावलं होतं!" सुरेशराव घामाघूम. एकेक भाग काढून पुन्हा बसवू लागले.

मला चूक पहिल्याच नजरेत दिसली होती. मॉनिटरची केबल पडद्याला चित्र पुरवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली. तरी मी दहा मिनिटं गप्प चहा पीत बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बघा ना जरा. तीन दिवसांपासून हे जेवण सोडून यालाच लागून राहिले."

उठलो, केबल बदलली. पडदा उजळला. सुरेशरावांनी मिठीच मारली. "गुरुजी, तुम्ही नसते तर!"

मित्राच्या आनंदात तुमचा जीव असा कधी जळलाय का?

सुरेशराव, तुम्हीही या ग्रुपवर आहात. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं.