भागूची कळशी आणि रफीकची भुतं

रफीक पेंटर चोर आहे, असं अख्ख्या सोसायटीला मी सांगितलं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

माझं शिक्षण चौथी. हे मी मोबाईलमध्ये बोलते आहे आणि तो लिहितो आहे. तो बरोबर लिहितो का यावरही माझा विश्वास नाही, म्हणून नात तपासते आहे.

स्वभावच तो. दुधाची पिशवीसुद्धा मी उजेडात धरून बघते. सासूबाई म्हणायच्या, हिला देव भेटला तरी ही आधी त्याचे पाय बघेल.

खरंच बघीन. भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्या धायरीत शेंबड्या पोरालाही माहीत. आता धायरीत सगळे टॉवरच झाले, भुतांना जागा राहिली नाही ती गोष्ट वेगळी.

तर रफीक. चौथ्या मजल्यावर राहायचा. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग फ्लेक्स आले आणि काम गेलं. मग तो भुतांचं कॉमिक काढायला लागला. ‘ओसवाडी’ नाव. रविवारी गच्चीवर मुलांचा ड्रॉइंग क्लास घ्यायचा, त्यावर घर चालायचं.

पहिला अंक त्याने मला आणून दिला. मी म्हटलं, याचं काय काम असेल माझ्याकडे?

अक्षरं मला जड जातात, पण चित्रं मी सोडत नाही.

त्यात एक गाव होतं, सगळ्या घरांवरची कौलं उतरवलेली. नात म्हणाली, आजी, हॉन्टेड व्हिलेज आहे, पडकंच असणार. मी म्हटलं, पडकं नाही गं, हा प्लेग आहे. प्लेगात सरकार कौलं काढायला लावायचं, घरात ऊन यावं म्हणून. माझी आजी सांगायची.

मग काय, मला नादच लागला. श्रावणातल्या कहाण्यांमधल्या नावडत्या राणीला गोठ्यात ठेवतात ना, तशी त्याच्या कॉमिकमधली भुतीण गोठ्यात राहायची. आढ्याला मेलेला उंदीर. भिंतीवर सरकारी माणसाने काढलेली खूण. काय आनंद व्हायचा म्हणून सांगू, हरवलेलं कानातलं सापडल्यासारखा. मी वर जाऊन त्याला एकेक सांगायची आणि तो मान डोलवायचा. म्हणायचा, “काकू, एवढं बारीक कुणी बघत नाही.”

मला वाटायचं, लोणी लावतोय.

एकदा त्याने माझ्या आजीची तांब्याची कळशी बघायला मागितली. मी दिली. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी ‘भागू’ कोरलंय. आजीचं माहेरचं नाव. सासरी ते कुणी घेतलं नाही.

कळशीबरोबर मी आजीची गोष्टही सांगून बसले. गावात उंदीर पडले तेव्हा सगळे रानात झोपड्या बांधून राहायला गेले. आजी आजारी सासूपाशी मागे राहिली, एकटी. सासू गेली. लोक परतले तेव्हा आजी दारात उभी. ही जगली कशी? म्हणाले, ही ती नव्हेच, हडळ आहे. कितीतरी वर्षं तिच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नाही.

पाचवा अंक आला. गोठ्यातली बाई पहिल्यांदाच पूर्ण दिसली. केस मोकळे, कमरेवर कळशी.

कळशीवर ‘भागू’.

मी पुस्तक मिटलं. माझ्या आजीला याने हडळ केलं! गावाने केलं ते कमी होतं का?

सोसायटीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. हा माणूस गोड बोलून घरातल्या गोष्टी काढून घेतो आणि विकतो, पोरांना याच्याकडे पाठवू नका. क्लासला नऊ मुलं होती, दोन राहिली.

तरी रफीक सहावा अंकही माझ्या दाराला अडकवून गेला. मी तो उघडलासुद्धा नाही.

सात महिन्यांनी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. तो म्हणाला, “काकू, तुम्ही पाय बघितले नाहीत.”

घरी येऊन भिंग घेतलं.

भागूचे पाय सरळ होते. बोटांत जोडवी.

आणि गाव? पाटील, भटजी, पाणवठ्यावरच्या बायका, बूट घातलेला सरकारी माणूस. धोतराखाली, लुगड्याखाली, सगळ्यांचे पाय उलटे. पहिल्या अंकापासून. एकालाही त्याने सोडलं नव्हतं.

मी पाय बघणारी बाई, आणि आधी कौलं-उंदरांच्या नादात, मग रागाच्या भरात, तेवढंच बघितलं नाही.

तशीच वर गेले. रडत होते आणि हसतही होते. त्याची बायको नसीम चहा करायला उठली. तो म्हणाला, “मला वाटलं होतं, तुम्हाला पहिल्या पानावरच कळेल.” मग म्हणाला, “मुलं परत आली असती तर बरं झालं असतं.”

मी म्हटलं, सांगते की ग्रुपवर. दिवाळी होऊ दे.

खरं सांगू? लाज वाटत होती. चारचौघींत आपलं चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दिवाळीच्या आधीच तो गेला. हार्ट.

वर्षभर मी गप्प बसले. गावासारखीच.

ग्रुपवरच्या मंदा, शीतल, आणि माझं ऐकून ज्यांनी पोरांना क्लासमधून काढलं त्या सगळ्यांनी हे वाचा. रफीकने माझं काही चोरलं नाही. शंभर वर्षांत माझ्या आजीला कुणी माणूस म्हटलं असेल तर त्याने. त्याचं नाव मी खराब केलं, आणि तेही खोटं बोलून.

आता हे घेऊन नसीमकडे वर जाते आहे. वाचून दाखवीन, अडखळत का होईना.

रफीक, बाबा, शांत झोप. काकूचा तुला मनापासून नमस्कार.